दोनशे चौदा कुणाचं?

यंत्र न्यूयॉर्कहून पिंपातून आलं. युदेल्का दरवर्षी एक निळं प्लॅस्टिकचं पिंप भरून आईबापाला पाठवते. त्यात तांदूळ असतात, तेल असतं, साबणाच्या वड्या, बापाला गंज्या, आईला चपला आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या नावानं काही ना काही. आमच्या गावात, बोका सालादात, पिंप आलं की झाकण उघडायला घरच्यांच्या आधी शेजारी हजर असतात. त्या वर्षी तेलाच्या डब्यांच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळलेला एक खोका निघाला. आत पांढरं यंत्र, एक रबरी नळी आणि दंडाला बांधायचा राखाडी पट्टा.

"हे आणि काय?" लेओन्सियोनं विचारलं.

"माझं प्रेशर बघायला," एर्सिलिया म्हणाली.

"त्याला यंत्र कशाला? चव्वेचाळीस वर्षं मी नुसत्या डोळ्यांनी बघतोय. तुझी डावी भुवई वर गेली की मी घराबाहेर पडतो."

शेजारी हसले. एर्सिलियाची डावी भुवई वर गेली, आणि लेओन्सियो खरंच उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

तर ही एर्सिलिया. वय सदुसष्ट. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या फाटकापाशी यानीकेके तळले. यानीकेके म्हणजे मैद्याची मोठी, खारट, कुरकुरीत पुरी, हाताएवढी. गावातलं तिशी-चाळिशीतलं कुठलंही माणूस तिच्या कढईवर वाढलेलं आहे, आणि कोण लहानपणी अर्धी पुरी बहिणीसाठी ठेवायचं आणि कोण बहिणीचीही खायचं, हे ती अजून सांगते. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही. जेवायलाही ती उभीच असायची, एक डोळा चुलीवर ठेवून. त्यामुळे गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत ती भर रस्त्यात मटकन खाली बसली तेव्हा लोकांना आधी वाटलं, बाई प्रार्थनेला बसली. उठेना तेव्हा कळलं.

दवाखान्यात डॉक्टर रोसानी नावाची पोरगी होती. शिक्षण संपवून सरकारी नियमाप्रमाणे वर्षभरासाठी खेड्यात आलेली, चेहऱ्यावर अजून पुटकुळ्या. तिनं एर्सिलियाचं प्रेशर बघितलं आणि म्हणाली, एकशे अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी एक गोळी, रोज अर्धा तास चालणं, मीठ कमी, आणि घरी सकाळ-संध्याकाळ प्रेशर बघून वहीत लिहायचं.

मीठ कमी, हे ऐकून एर्सिलियानं मान डोलावली आणि विसरून गेली. त्यात तिचा दोष नाही. आमचं गाव मिठावर उभं आहे. खाडीच्या कडेला मिठाचे वाफे, त्यांच्या पलीकडे पांढऱ्या राशी, आणि वाऱ्याला सुटी नाही, त्यामुळे दार पुसलं तरी ओठाला मीठ लागतं. लेओन्सियोनं एक्केचाळीस वर्षं त्या वाफ्यांत अनवाणी उभं राहून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढलं. ज्या मिठानं तीन पोरं शिकवली तेच मीठ माणसाला मारतं, असं सांगणारा आमच्याकडे खाल्ल्या मिठाला न जागणारा ठरतो. आमच्याकडे प्रेशर वाढतं ते मनस्तापानं. कुणी वाईट बातमी आणली, कुणी तोंडावर अपमान केला, पोरानं पळून जाऊन लग्न केलं, की प्रेशर चढतं आणि माणूस आडवा होतो. एर्सिलियाचा बाप असाच मिठाच्या राशीवर कोसळला होता, मुकादमाशी भांडण झालं त्याच दुपारी. बहीण गेली ती मुलाला अटक झाल्याच्या आठवड्यात. आता बापाच्या ताटात खारवलेला मासा रोज असायचा, हे कुणी मोजलं नव्हतं. मुकादमाचं नाव मात्र अजून सगळ्यांच्या तोंडी आहे.

म्हणून डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या सूचनांमधली एकच लेओन्सियोनं मनावर घेतली. त्या दिवशी तो दवाखान्याच्या दारात टोपी हातात धरून उभा होता, आणि डॉक्टर शेवटी म्हणाली होती, "आणि मनाला त्रास करून घेऊ नका." तेवढं त्यानं ऐकलं.

यंत्र आलं त्या रविवारी युदेल्काचा फोन आला.

"आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, पोरी. यंत्र पोचलं. पट्टा दंडाला बसतो."

"नीट ऐक. खुर्चीत पाठ टेकून बसायचं. पाय जमिनीवर, एकावर एक नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आधी अर्धा तास कॉफी नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, मग बटण. आणि बोलायचं नाही."

"कोण बोलायचं नाही?"

"तू."

"पाच मिनिटं?"

"पाच मिनिटं, आई. आणि वर मोजून होईपर्यंत."

फोन जवळच होता, त्यामुळे लेओन्सियोनं ते ऐकलं आणि म्हणाला, "पोरगी फार शिकली. चव्वेचाळीस वर्षांत मला जे जमलं नाही ते तिनं फोनवरून केलं."

पण एर्सिलियानं ते केलं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ती व्हरांड्यातल्या टेबलापाशी बसायची, डोळे मिटायची आणि ओठ इतके घट्ट दाबायची की बघणाऱ्याला वाटावं, कुणी तिला कडू औषध पाजतंय. गोळीनं काम केलं. आकडे उतरले. एकशे चाळीस, एकशे चौतीस, एकशे अठ्ठावीस. रोज आकडा आला की लेओन्सियो अंगणातून विचारायचा, "किती?" ती सांगायची. तो "हं" म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागायचा.

पंधरा दिवसांत गल्लीला यंत्राचा वास लागला. व्हरांडा उघडा, रस्त्याला लागून. आणि आलेल्याला कॉफी न देता परत पाठवणं हे आमच्याकडे शिवी दिल्यासारखं. सगळ्यात आधी मिरेया आली, युदेल्काची धर्ममाता, म्हणजे एर्सिलियाची कोमाद्रे, सख्ख्या बहिणीहून जवळची. मग तिची सून. मग चागो न्हावी, ज्याला कोंबड्यांच्या झुंजीत हरला की छातीत धडधडतं आणि जिंकला की जास्त धडधडतं. संध्याकाळी सहापासून व्हरांड्यात रांग. आधी कॉफी, गोड आणि कडक. मग गप्पा. मग पट्टा. पट्टा फुगत असतानाही गप्पा.

"चागो, बोलू नको. आकडा चुकतो."

"मी कुठे बोलतोय, मी सांगतोय. तर तो लाल कोंबडा असा आला..."

"एकशे एक्काहत्तर."

"कोंबड्याचं की माझं?"

लेओन्सियो या सगळ्यात नव्हता. तो अंगणात बसून काही तरी दुरुस्त करत राहायचा आणि तिथून शेरे मारायचा. ज्याला आजारी पडायची हौस आहे त्यानं प्रेशर मोजावं. सुतळी बांधून दंड आवळला की कुणाचंही रक्त वर जाईल, त्याला बॅटऱ्या कशाला लागतात. मिरेयानं एकदा पट्टा घेऊन त्याच्या मागे धाव घेतली, तर एकाहत्तर वर्षांचा हा माणूस कुंपणावरून उडी मारून पलीकडे गेला. "बघ, हा ठणठणीत आहे," मिरेया म्हणाली, आणि एर्सिलियालाही तसंच वाटलं.

चालण्याची सूचनाही तिनं पाळली. ऊन चढायच्या आत, पहाटे पाचला, ती आणि मिरेया खाडीच्या कडेनं जायच्या आणि पावणेसहाला परत यायच्या. आली की घरात कॉफीचा वास असायचा, लेओन्सियो अंघोळ करून बसलेला असायचा आणि तिला बघून काही तरी टवाळी करायचा. "आली आमची धावपटू." "मिरेयानं आज कुणाकुणाला सोलून काढलं?" ती हसायची. मग बसून प्रेशर बघायची, आणि आकडा चांगला यायचा.

दोन महिन्यांनी तपासणीचा दिवस आला. डॉक्टरनं वही आणायला सांगितली होती. एर्सिलियानं वही लिहिलीच नव्हती. युदेल्का म्हणाली होती की यंत्राच्या सगळं लक्षात राहतं, तारीख आणि वेळेसकट. मग लिहायचं कशाला? यंत्र पिशवीत घातलं आणि ती दवाखान्यात गेली.

डॉक्टर रोसानीनं बटण दाबलं. वाचलं. पुन्हा दाबलं. मग एर्सिलियाकडे बघितलं, मग पुन्हा यंत्राकडे.

"दोन्या एर्सिलिया," आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं ती म्हणाली, "तुम्ही जिवंत कशा आहात?"

"म्हणजे?"

"सोमवारी संध्याकाळी सहाला एकशे एकोणतीस. सव्वासहाला एकशे शहाऐंशी. सहा पंचवीसला अठ्ठ्याण्णव. साडेसहाला एकशे एक्काहत्तर. अर्ध्या तासात तुम्ही करत होतात तरी काय?" तिनं पेन काढलं होतं आणि चिठ्ठीवर आणखी एक गोळी लिहीत होती. "हे मला पुढे पाठवावं लागेल. बानी शहरातल्या मोठ्या इस्पितळात."

एर्सिलियाला आधी कळेना. मग कळलं, आणि तिला इतकं हसू आलं की तिनं हातातली पिशवीच तोंडाला लावली.

"अगं पोरी, थांब, थांब. ते माझं नाही. सव्वासहाला मिरेया. अठ्ठ्याण्णव तिची सून, ती चिमणीएवढं खाते. साडेसहाचा चागो, त्या दिवशी त्याचा कोंबडा हरला होता."

डॉक्टरचं पेन थांबलं. "म्हणजे सगळ्या गल्लीचं प्रेशर आहे यात?"

"आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

"कॉफी देऊन?"

"मग काय, कोरडंच बसवू?"

डॉक्टर कपाळाला हात लावून हसली. चिठ्ठीवरची दुसरी गोळी तिनं खोडली आणि खुर्ची एर्सिलियाच्या बाजूला सरकवली. मग दोघींनी मिळून गल्ली निवडायला घेतली, तांदूळ निवडावेत तशी. सहाच्या ठोक्याला एर्सिलिया. त्यानंतर येईल ते शेजाऱ्यांचं. बुधवारी दुपारचं टपालवाल्याचं. शनिवारी रात्री आठचं मिरेयाच्या नवऱ्याचं, रम पिऊन. एर्सिलिया आकडा ऐकायची आणि माणूस सांगायची, अगदी शाळेच्या फाटकापाशी सांगायची तशी. तिचे स्वतःचे आकडे उरले ते छान होते. डॉक्टर खूश झाली.

"आणि हे पाच पंचवीसचं कोण?" डॉक्टरनं विचारलं.

"संध्याकाळचं?"

"नाही, पहाटेचं. मागच्या तीन आठवड्यांत अकरा वेळा आहे." तिनं बटण दाबत दाबत वाचलं, आणि वाचता वाचता तिचा आवाज बदलला. "एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे चार. दोनशे एक. दोनशे चौदा, खालचं एकशे वीस. हे परवाचं."

एर्सिलियानं मान पुढे करून पडद्यावरचा आकडा बघितला.

"दोन्या एर्सिलिया, हे कॉफीनं होत नाही. ज्या माणसाचं हे प्रेशर आहे, त्याच्या डोक्यातली शीर कधीही फुटू शकते. नाही तर हृदय थांबेल. पहाटे पाच पंचवीसला तुमच्या व्हरांड्यात कोण येतं?"

पहाटे पाच पंचवीसला एर्सिलिया खाडीवर असते. मिरेया तिच्यासोबत असते. आणि यंत्र रात्री व्हरांड्यात नसतंच, घरात कपाटावर असतं, दाराला आतून कडी असते. कडी काढून ती बाहेर पडते, आणि मागून कडी लावणारा एकच माणूस घरात उरतो.

"मला माहीत आहे कोण ते," ती म्हणाली.

डॉक्टरनं नाव विचारलं नाही. "आजच आणा. उद्या नको. चारपर्यंत मी इथे आहे. आणि त्यांना घाबरवू नका, पण आणा."

दवाखान्यापासून घर दहा मिनिटांवर. एर्सिलियाला त्या दिवशी किती वेळ लागला ते तिलाही सांगता यायचं नाही. आधी तिला राग आला, असा राग की वाटेतल्या दोघातिघांच्या नमस्काराला तिनं उत्तरही दिलं नाही. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. लेओन्सियोच्या अंगाला हल्ली लसणाचा वास यायचा. तिनं मिरेयाला सांगितलं होतं की म्हाताऱ्याला उतारवयात लसणाचा नाद लागलाय, मी भिंतीकडे तोंड करून झोपते. परसातल्या लक्ष्मणफळाच्या झाडाची खालची पानं संपली होती, आणि तिला वाटलं होतं शेळी खाते. त्या पानांचा काढा प्रेशर उतरवतो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि मीठ. आयुष्यभर तो जेवताना भांड्यातून चिमूटभर खडं मीठ घ्यायचा आणि कशावरही टाकायचा, आंब्यावरसुद्धा. हल्ली चिमूट घ्यायचा, हात उंच धरायचा, "मीठ म्हणजे मीठ" असं काही तरी मोठ्यानं म्हणायचा, आणि निम्मं मीठ ताटाबाहेर सांडायचं. ती रोज टेबल पुसताना चरफडायची की याचा हात थरथरायला लागला. हात थरथरत नव्हता. तो मुद्दाम बाहेर टाकत होता. तिला दाखवायला की सगळं नेहमीसारखं आहे.

हे लक्षात आल्यावर राग गेला आणि तिला भीती वाटली. बाप मिठाच्या राशीवर पडला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि डबा घेऊन चालली होती. लांबून तिला वाटलं होतं, बाबा दमून आडवे झालेत. डबा गार होईल म्हणून ती पळत गेली होती.

लेओन्सियो व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मांडीवर परात, पायाशी टरफलं. तिला बघताच त्यानं विचारलं, "किती?"

"एकशे सव्वीस."

"हं," तो म्हणाला आणि खाली बघून हसला.

घाबरवू नका, डॉक्टरनं सांगितलं होतं. एर्सिलियानं यंत्र टेबलावर ठेवलं, नळी सरळ केली, आणि तिला जितका साधा आवाज काढता येईल तितका काढून म्हणाली, "यंत्रात बिघाड आहे म्हणे. डॉक्टर म्हणाली, ज्याला काही दुखणं नाही अशा माणसाच्या दंडावर एकदा लावून बघा. बस इकडे."

"मिरेयाला बोलाव."

"मिरेयाला दुखणं नाही? तिला नाही असं एक दुखणं सांग."

"मग चागोला बोलाव. मी शेंगा सोलतोय."

"शेंगा पळून चालल्या नाहीत."

"अगं, तो पट्टा बायकांच्या मापाचा आहे. माझ्या दंडाला बसायचा नाही."

"अकरा वेळा बसला की," एर्सिलिया म्हणाली.

लेओन्सियोचा हात शेंगेत तसाच राहिला. मग त्यानं ती एक शेंग सोलली, दाणे परातीत टाकले आणि विचारलं, "कुणी सांगितलं?"

"यंत्रानं. त्याच्या सगळं लक्षात राहतं. तारीख आणि वेळ."

"असं होय," तो म्हणाला. "चहाडखोर आहे म्हणजे. मला वाटलं, बटण बंद केलं की पुसलं जातं."

तिनं त्याच्या मांडीवरची परात उचलून खाली ठेवली. खुर्ची टेबलापाशी ओढली. त्यानं विरोध केला नाही. पाठ टेकून बसला, पाय जमिनीवर ठेवले, मिठानं भेगाळलेले ते रुंद पाय, आणि हात टेबलावर. तिनं पट्टा बांधला. सगळं त्याला पाठ होतं, तिच्याहूनही नीट.

"आता पाच मिनिटं," ती म्हणाली. "बोलायचं नाही."

ती समोर बसली. एवढी वर्षं त्या घरात कुणी ना कुणी बोलतच होतं. पोरं, शेजारी, रेडिओ, आणि कुणी नसेल तेव्हा ही दोघं, एकमेकांना टोमणे मारत. समोरासमोर बसून पाच मिनिटं गप्प, असं कधी झालं नव्हतं. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कानशिलावर एक शीर उठून दिसत होती, आणि ती कधीपासून तशी दिसतेय हे तिला सांगता येईना. रोज बघत होती आणि बघितलं नव्हतं, याची तिला लाज वाटली.

दोन मिनिटं झाली असतील तेवढ्यात फाटक वाजलं. मिरेया.

"कोमाद्रे, काय म्हणाली डॉक्टर? मी बसू का जरा? कॉफी टाकलीस?"

"आज नाही, मिरेया," एर्सिलिया मान न वळवता म्हणाली. "नंतर ये."

मिरेया फाटकात थबकली. त्या घरातून परत फिरवलं जाण्याची तिची ती पहिली वेळ. ती काही बोलणार होती, पण तिनं खुर्चीतला लेओन्सियो बघितला, त्याच्या दंडाचा पट्टा बघितला आणि फाटक हळूच लावून घेऊन ती निघून गेली.

पाच मिनिटं झाली. एर्सिलियानं बटण दाबलं. पट्टा फुगला, गुरगुरला, हळूहळू सैल पडला.

दोनशे नऊ. खालचं एकशे अठरा.

"परवापेक्षा बरं आहे," लेओन्सियो म्हणाला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तीन आठवडे झाले. पहिल्यांदा गंमत म्हणून बांधला. तू खाडीवर गेली होतीस. म्हटलं, बघू तरी काय एवढं कौतुक आहे त्याचं. आकडा आला तेव्हा वाटलं, यंत्र खोटं. दुसऱ्या दिवशी परत बघितलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला कसं सांगायचं?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "डॉक्टर काय म्हणाली होती, मनस्ताप नको. तुझा बाप मनस्तापानं गेला. तुझी बहीण मनस्तापानं गेली. तुमचं घराणंच तसलं. मी तुला सांगितलं असतं की माझं दोनशे झालंय, तर तुझं किती झालं असतं? रस्त्यात बसली होतीस तू त्या दिवशी. मी लांबून बघितलं तुला बसताना." तो थांबला. "म्हटलं, माझं आहे ते मी निस्तरतो. लसूण खाल्ला. काढा प्यालो. मीठ सोडलं, तुझ्यादेखत टाकून सोडलं. सकाळी तू आलीस की तुला हसवायचं, मग तू बसणार, आकडा चांगला येणार. तुझं एकशे सव्वीस आलं की मला वाटायचं, चला, आजचा दिवस निभावला."

एर्सिलियाला वाटत होतं की रोज सकाळची ती टवाळी म्हणजे याचा स्वभाव. एवढं घोटवून, आधी ठरवून कुणी आपल्याला हसवत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"ऊठ. दवाखान्यात जायचं आहे. आत्ता."

"मी तिथे जाऊन काय करू? ती पोरगी गोळ्या देणार. गोळ्या घेणारा माणूस आजारीच राहतो. मी काढा वाढवतो. सकाळी दोनदा घेतो." त्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. "आणि तू शांत हो आधी. तुझी मानेवरची शीर उडतेय. बघ, वाढतंय तुझं. म्हणूनच सांगत नव्हतो मी."

"वाढू दे," एर्सिलिया म्हणाली. "माझं वाढलं तर त्यावर गोळी आहे. पांढरी, सकाळी एक. तू गेलास तर मी कुठली घेऊ? सांग ना. असेल तर नाव सांग, मी आत्ता जाऊन घेऊन येते, मग तू बस इथे शेंगा सोलत."

लेओन्सियो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पायाशी पडलेली टरफलं उगाच पायानं एका जागी गोळा केली.

"आधी हा पट्टा सोड," तो शेवटी म्हणाला, आणि हात तिच्यापुढे केला. "आणि दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो ते सांग."